व्हायरस काढणारे वैद्यबुवा

वैद्यबुवा बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले की पहिली दहा मिनिटं त्याला हात लावत नसत. नेटची वायर काढून बाजूला ठेवायचे, दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि कॉम्प्युटरच्या मालकाला विचारायचे, "हाव, आता सांगा. नेट बंद पडायच्या आधी तुम्ही काय करून राहिले होते? कोणी रागावणार नाही तुम्हाला." तो माणूस आधी 'काहीच नाही' म्हणे, आणि पाच मिनिटांत मोफत कुंडली पाहण्यासाठी कुठून काय उतरवून घेतलं होतं ते सगळं सांगून मोकळा होई. हे बघितलं की माझं डोकं फिरायचं. बिबवेवाडीत माझं दुरुस्तीचं दुकान त्यांच्या चार वर्षं आधीपासून होतं, भिंतीवर डिप्लोमा फ्रेम करून लावला होता, आणि मला तोवर एकाही गिऱ्हाइकाने खरं सांगितलेलं नव्हतं.

ते अकोल्याचे. तिथे एका कॉलेजात लॅब सांभाळत. बायकोची बदली पुण्याला झाली म्हणून आले आणि नेमका माझ्या समोरचाच गाळा घेतला. वैद्यबुवा हे नाव मीच ठेवलं, अर्थात खवचटपणे. "नाडी बघतात आमचे वैद्यबुवा," असं चार जणांना ऐकवलं. आठवड्याभरात सगळी गल्ली त्यांना प्रेमाने वैद्यबुवा म्हणू लागली. ते स्वतः येऊन मला म्हणाले, "नाव चांगलं दिलं हो तुम्ही." त्यात टोमणा आहे का, हे मी बराच वेळ शोधत बसलो. नव्हता.

मी कुठल्याही व्हायरसला एकच औषध देत असे: फॉरमॅट. सगळं पुसायचं, नव्याने भरायचं, दोन तासांत मशीन गिऱ्हाइकाच्या हातात. वैद्यबुवा कधी अख्खा दिवस घेत, पण लोकांचे फोटो, पत्रं, हिशेब जिथल्या तिथे राहत. नेट बंद पाडणाऱ्या व्हायरसबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चोर पळाला तरी त्याने बाहेरून लावलेली कडी आपणच काढाव लागते." व्हायरस नेटच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी नावाच्या चौकटीत एक टिक मारून ठेवतो; व्हायरस निघाला तरी ती टिक राहते आणि नेट अडतं, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य मी रस्त्याच्या अलीकडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी पंखा मोठा करायचो.

त्यांना घरोघरी पोहे मिळत. मला "किती वेळ लागेल?" हा प्रश्न मिळे. मी जळत होतो, आणि ते मला नीट कळतही होतं.

एका शनिवारी शेजारच्या सोसायटीतल्या काकू कॉम्प्युटर रिक्षात घालून माझ्याकडे आल्या. निवृत्त शिक्षिका, माहेर लोणी काळभोरचं. गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून त्या जुने शेतीचे शब्द गोळा करत होत्या. मोटेच्या दोरांची नावं, पाभरीच्या भागांची नावं, मातीच्या रंगांची नावं. सहा वर्षं टाइप करत होत्या. नेट बंद पडलं होतं. म्हणाल्या, "खरं तर वैद्यबुवांना दाखवणार होते, पण ते अकोल्याला गेलेत. परवा येतील. थांबू का?"

त्यांनी 'थांबू का' विचारलं नसतं तर कदाचित मीही थांबलो असतो. मी म्हणालो, "त्यांची काय गरज? संध्याकाळी घेऊन जा."

व्हायरस सापडला, काढलाही. नेट मात्र सुरू होईना. फोन माझ्या हातात होता, त्यांचा नंबरही होता. लावला नाही. काकूंना घरी फोन करून विचारलं, "सगळं डी ड्राइव्हमध्येच ठेवता ना?" आपल्याला कळत नाही हे दिसू नये म्हणून त्या म्हणाल्या, "हो, असेल." मलाही तेवढंच ऐकायचं होतं. मी फॉरमॅट मारला. शब्द डेस्कटॉपवर होते, म्हणजे मी पुसलेल्या सी ड्राइव्हमध्ये.

सोमवारी वैद्यबुवा आले. काकू रडत त्यांच्याकडे गेल्या होत्या. ते रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले, स्टूल ओढलं, हात मांडीवर ठेवले. "हाव, सांगा." मी आधी "काहीच नाही" म्हणालो. मग त्यांच्या गिऱ्हाइकांसारखाच भडाभडा बोलत सुटलो. त्यांनी विचारलं, "टिक पाहिली होती?" मी नाही म्हणालो. "मला फोन काहून नाही केला?" मी म्हणालो, "तुम्हाला विचारावं लागलं असतं म्हणून." त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला.

दोन दिवस खपून त्यांनी थोडे शब्द परत मिळवले. अर्ध्याहून जास्त गेले ते गेलेच. ज्या म्हाताऱ्यांनी ते सांगितले होते त्यांतले काही आता हयात नव्हते, म्हणजे पुन्हा विचारायचीही सोय नव्हती. काकू माझं तोंड पाहणार नाहीत याची मला खात्री होती. पण गुरुवारी त्या मशीन घेऊन माझ्याच दुकानात आल्या. "नीट बसवून द्या. वैद्यबुवा म्हणाले, व्हायरसच फार वाईट होता, फॉरमॅटशिवाय इलाज नव्हता. त्यांनीही तेच केलं असतं म्हणे."

मी खाली मान घालून वायरी जोडल्या. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं नाही. अजूनही उघडलेलं नाही.

गेल्या वर्षी ते अकोल्याला परत गेले. आई एकटी होती. जाताना आपली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवली. आता मीही वायर काढून हात मांडीवर ठेवतो आणि लोक मला खरं सांगतात. "वैद्यबुवांनी तुमचंच नाव सांगितलं होतं," असंही वर सांगतात, आणि पोहे पुढे करतात. त्यांनी चारचौघांत माझी चूक सांगितली असती, तर निदान त्यांचा राग तरी धरता आला असता. तेवढीही सोय त्या माणसाने माझ्यासाठी ठेवली नाही.