बादशाची नोंदणी

कुत्र्याचे केस आणि कुत्रेवाल्यांचे किस्से, दोन्ही अंगाला चिकटतात. झटकले तरी जात नाहीत. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन मी आमच्या लातूर-नांदेडच्या श्वान क्लबचा सेक्रेटरी झालो, तेव्हापासून एवढे साठलेत की बायको म्हणते, "जेवताना तरी माणसांचं बोला."

त्यातले निम्मे नांदेडच्या एका शोचे आहेत. त्या शोमध्ये जपानी जातींचा वेगळा वर्ग ठेवायचं मी कमिटीकडून हट्टानं कबूल करून घेतलं होतं. अट एकच, नोंदणी झालेली किमान चार कुत्री हवीत. माझी जपानी स्पिट्झ आधीच नोंदलेली. उरली तीन. जपानी कुत्री पाळणारे आमच्याकडे आहेत, पण जन्माचे कागद कुणाकडेच नाहीत. अशा कुत्र्याला शोच्या दिवशी परीक्षक सगळ्यांसमोर तपासतात. पटलं तर फॉर्मवर सही, नाही तर नाही. या 'नाही तर'ला सगळे टरकायचे.

*

पहिले चाकूरचे गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले. त्यांची पांढरीशुभ्र जपानी स्पिट्झ, नाव खडू.

"गुरुजी, फॉर्म भरा," मी म्हणालो.

"अन् परीक्षक बाईंनी न्हाई म्हणलं तर?"

"तर नाही."

गुरुजी खडूच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं नापास केली हो मी. आता कळायलंय, त्यांना कसं वाटत असंल."

फॉर्म भरला, पण सही पेन्सिलीनं केली. म्हणे, ऐनवेळी खोडता येईल.

*

दुसरे किल्लारीचे भानुदासराव. ऊस आणि सोयाबीन, दावणीला खिलारी बैलजोडी आणि अंगणात शिबा जातीचा तांबूस कुत्रा. नोंदणीला कुत्र्याच्या मानेत तांदळाएवढी चिप बसवावी लागते. मी सुई काढली तसे भानुदासराव पांढरे पडले. शिबा मात्र शांत उभा.

"म्हशीच्या कानात बिल्ला मारताना तुम्हीच मुंडकं धरलं होतं की," मी म्हणालो.

"ती म्हस व्हती डॉक्टर. ह्यो माझ्याकडं बघायलाय."

मी डॉक्टर नाही, मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. पण गावाकडं हातात सुई दिसली की माणूस डॉक्टर होतो.

*

राहिले उदगीरचे विश्वनाथअप्पा. पेठेत कापडाचं दुकान. त्यांचा अकिता जातीचा दांडगा कुत्रा, बादशा, गल्ल्याशेजारी कूलरसमोर बसायचा. सकाळी पूजा झाली की अप्पा आपल्या कपाळाला विभूती लावायचे आणि उरलेलं बोट बादशाच्या कपाळावर. साऱ्या पेठेत त्यांचं नाव पडलं होतं, जपानी अप्पा. हैदराबादच्या कुणा माणसाकडून पिल्लू आणलेलं. तोंडी जपानी, कागद काही नाही.

खरं सांगतो, बादशाचे कान आणि शेपूट पाहिल्यावर मला शंका आली होती. कान जरा मोठे, शेपूट पाठीवर वळायला हवं तेवढं वळत नव्हतं. मी बोललो नाही. मला चौथा कुत्रा हवा होता.

"अप्पा, तुम्ही आलात तर बाकीचे मागं सरणार नाहीत," एवढंच म्हणालो.

अप्पांनी हातातला कापडाचा तागा हळूहळू गुंडाळून ठेवला. "पेठेत माझी काय इज्जत हाय, ती ह्याच्यासकट हाय डॉक्टर. येतो मी."

त्यानंतर शोपर्यंत मला नीट झोप लागली नाही.

*

शोच्या सकाळी गुरुजी आले, अप्पा आले, भानुदासराव नाहीत. रिंगला तास राहिला तेव्हा त्यांची जीप आली. त्यांनी मागचं दार उघडलं.

शिबाला करडीचं तेल चोपडलं होतं. पाठीवर गेरूचे ठिपके, गळ्यात घुंगरांची माळ, अंगावर बैलाची झूल कापून शिवलेली. शर्यतीचा बैल प्रदर्शनात नेतात तसा त्यांनी रात्रभर सजवून आणला होता.

"अंगाला रंग दिसला तर परीक्षक हातसुद्धा लावत नाहीत," मी म्हणालो.

भानुदासराव झूल सोडवू लागले. "बैल असता तर पहिला नंबर व्हता ह्याचा."

समोरच्या टपरीवरून शाम्पूच्या पुड्या आणल्या. गुरुजी पाण्याची नळी धरून, मी पाठ चोळतोय. तेल निघेना, गेरू पसरत चाललेला, माइकवर आमच्या वर्गाची तयारीची सूचना. तेवढ्यात अप्पांनी बादशाची दोरी गुरुजींकडं दिली, धोतर खोचलं आणि चिखलात बसले. खांद्यावरचं कोरं उपरणं त्यांनी शिबा पुसायला घेतलं. दहा मिनिटांत ते गेरूनं लाल झालं, पण शिबा स्वच्छ झाला.

*

परीक्षक बाई बाहेरगावच्या, शांत स्वभावाच्या. नाव पुकारलं ते अप्पांचंच पहिलं.

बाईंनी दात पाहिले, कान पाहिले, चालवून पाहिलं. पुन्हा चालवून पाहिलं. मी फॉर्म हातात धरून उभा, घाम कानामागून उतरत होता.

"कुत्रा फार छान सांभाळलाय," बाई म्हणाल्या. "पण हा अकिता नाही. मला सही करता येणार नाही."

माझी मानच वर होईना. तीनच कुत्री उरली, म्हणजे वेगळा वर्गही गेला. मागं वळून पाहिलं तर गुरुजी खडूला उचलून दाराकडं निघालेले. अप्पांनी रिंगमधूनच विचारलं, "गुरुजी, कुठं?"

"वर्ग रद्द झाला ना अप्पा."

"वर्ग गेला. नोंदणी हाय का न्हाई? या की हिकडं. वाईट व्हायचं ते माझं हून गेलं, आता तुम्ही कशाला भ्यायचं?"

खडूच्या फॉर्मवर बाईंची सही झाली. शिबाच्याही झाली. भानुदासराव रडले, आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

*

परत जाताना मी अप्पांबरोबर उदगीरपर्यंत गेलो. एकटं सोडवेना. वाटेत न राहवून सांगून टाकलं, "अप्पा, मला आधीपासून शंका होती."

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. "मलाबी व्हती," म्हणाले.

संध्याकाळी पेठेत गाडी थांबली. दुकानासमोर दहाबारा जण वाट पाहत उभे. समोरच्या किराणावाल्यानं तर हार आणून ठेवला होता.

"काय झालं अप्पा?"

मी पुढं होऊन नियम, कान, शेपूट असं काहीतरी सुरू केलं. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं, बादशाला गाडीतून खाली घेतलं आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"जपानचा न्हाई निघाला. लई बरं झालं. आता माघारी मागायला कुणी येत न्हाई."