दोरीबाहेरचं बाकडं

मार्चच्या पहिल्या मंगळवारी अमेरिकेतल्या एल्डर फॉल्स गावात कुणी कामाला हात लावत नाही. सगळं गाव सभागृहात जमतं, मनसोक्त भांडतं, वर्षभराचे निर्णय घेतं आणि मग एकत्र जेवतं. मतदारांनी मध्ये ताणलेल्या दोरीच्या आत बसायचं, मत नसलेल्यांनी खिडकीखालच्या बाकड्यावर. बोस्नियातून आलेली मेव्लिदा आठ वर्षं त्या बाकड्यावर बसून सभा ऐकत होती. जेवणात तिची पिटा, पातळ पारीत बटाटा भरून भाजलेली, मात्र सगळ्यांच्या आधी संपायची.

या जानेवारीत तिने नागरिकत्वाची शपथ घेतली. आज दाराशी गावच्या कारकूनबाईने, लोइसने, यादीत तिच्या नावापुढे खूण करून मतदाराचं गुलाबी कार्ड तिच्या हातात ठेवलं. आणि बाईसाहेब काय करतात? कार्ड घेऊन सरळ आपल्या जुन्या बाकड्यावर जाऊन बसतात! आठ वर्षांची सवय, पाय आपोआप तिकडे वळले.

बाहेर कुणाकडे तरी पाकासाठी मेपलच्या झाडाचा रस उकळत होता. गोडसर वाफ खिडकीतून आत तरंगत येत होती, वितळत्या बर्फावरचं ऊन छतावर हलत होतं. वाद चालला होता गावच्या शाळेचा. ठेवायची, की बंद करून मुलं शेजारच्या गावी धाडायची? मेव्लिदा त्याच शाळेत स्वयंपाक करायची. सत्तावीस मुलं होती आणि कुणाला कांदा चालत नाही, कुणाला दूध, हे तिला तोंडपाठ होतं.

"सत्तावीस पोरांसाठी एवढी इमारत तापवायची?" वेंडल पाइक म्हणाला. "हिवाळाभर आपण आकाश तापवतोय काय?"

लोक हसले. हळूहळू सगळे आवाज एकात एक मिसळत गेले, आणि पेंगुळलेल्या मेव्लिदाला तिच्या गावच्या द्रिना नदीचं पाणी ऐकू येऊ लागलं. तिच्या लहानपणीच्या शाळेच्या खिडकीतून ते दिसायचं. युद्धाच्या वर्षी वर्गातली मुलं एकेक करून कमी झाली, मग वर्गच उरला नाही. तिच्या मैत्रिणी ओल्या केसांनी काठावर बसल्या होत्या, तिला हाका मारत होत्या.

"शाळा राहावी म्हणणाऱ्यांनी उभं राहा," अध्यक्ष ऑरिन म्हणाले.

मेव्लिदा दचकून उभी राहिली, कार्ड उंच धरून. लोइस बोटाने मोजत रांगेरांगेतून आली आणि दोरीशी पोचताच नेहमीसारखी मागे वळली. मोजणाऱ्या माणसाला तिने आयुष्यात कधी टोकलं नव्हतं. ती जिथून आली तिथे ते जिवावर बेतायचं. ती गुपचूप खाली बसली. मग विरुद्ध बाजूची मोजणी झाली.

"बाजूने एकेचाळीस, विरुद्ध एकेचाळीस. समसमान म्हणजे ठराव पडला." ऑरिनने हातोडा उचलला. एका मताने गेली शाळा, आणि ते मत तिच्या मांडीवर पडून होतं.

"थांबा, अध्यक्ष," वेंडल उठला. "मोजणी चुकलीय."

"अरे, तू जिंकलायस वेंडल. बस खाली."

"ते मलाही कळतं. पण ही बाई मघाशी उभी होती, कार्ड हातात घेऊन. डोळे घरी ठेवून आलात का सगळे?"

लोइसचा चेहरा लाल झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "पण ती दोरीबाहेर आहे!"

"मग दोरी उचला की!" वेंडल तरातरा आला आणि त्याने स्वतःच ती उचलून धरली. "काय गं, छापील पत्रिका पाठवून आमंत्रण द्यायला हवं होतं का तुला?"

"मला वाटलं..."

"वाटून घेऊ नकोस. ये आत."

मोजणी पहिल्यापासून झाली. मेव्लिदा दूधवाल्या हॅटीच्या आणि छप्पर शाकारणाऱ्या डेलच्या पलीकडे, शेवटच्या रांगेच्या टोकाला उभी राहिली. लोइसचं बोट डेलवरून तिच्यावर आलं, क्षणभर थांबलं.

"बेचाळीस." विरुद्ध पुन्हा एकेचाळीसच भरले; शाळा राहिली.

तिला वाटलं होतं आनंद होईल. झालं भलतंच, भर सभेत तिला हुंदका फुटला आणि आवरेचना.

पुढच्या खुर्चीवरून वेंडलने मागे न बघता आपला रुमाल तिच्याकडे केला.

"तू कशाला रडतेस?" तो पुटपुटला. "हरलोय मी."