वाढत्या अंगाचा पट्टा

माझा स्वभाव तापट. माझ्या कामात कुणी खोट काढली की मी आधी भांडतो, मग बघतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत चूक सगळी माझी आहे.

आमचं घराणं मराठी शिंप्यांचं, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिकपेटेत शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवावेत तर त्यांनीच. मी मात्र कपडे सोडून गाड्यांच्या गाद्या शिवायला लागलो आणि लालबागेजवळ एक शेड घेतली. अण्णांना ते फार लागलं. हा लोखंडाला झबली शिवतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. परदेशातून आणलेल्या गाड्या तेव्हा शहरात क्वचित दिसायच्या. एका सकाळी शेडसमोर तसली एक लालभडक गाडी येऊन थांबली. दोन दारं, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि मागची सीट नुसती नावाला. चालवत होत्या एक बाई. शेजारी तीन वर्षांची मुलगी होती, आणि मागे कोंबलेली लहान मुलांची परदेशी सीट, तिला खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे पट्टे. ही सीट मागे पक्की बसवून द्या, असं त्यांचं काम.

मी फोनवर रेग्झिनवाल्याला मराठीतून झापत होतो, ते ऐकून त्या लगेच मराठीत बोलायला लागल्या. त्या पुण्याच्या, दोन वर्षांपूर्वी इथे आलेल्या. माझं कानडी मिसळलेलं 'स्वल्प थांबा अक्का, बघतो' ऐकून त्यांना हसू आवरेना. मलाही राग आला नाही, हे विशेष.

पण सीट बघून मी तोंड चालवलंच. म्हटलं, एवढ्याशा पोराला बांधून कशाला ठेवता? आमच्यात पोरं मांडीवर बसतात, आजवर कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, गाडी मीच चालवते. मांडी कुणाची आणू?"

मी कामाला लागलो. दोन दिवस त्या गाडीत डोकं घालून बसलो. सीट रुंद, जागा अरुंद. मागच्या गादीचा फोम दोन्ही अंगांनी तासला. गालिचा उचलला तर खाली पट्टा अडकवायची भोकं आयतीच होती, कंपनीनं बुजवून टाकलेली. ती मोकळी केली, जाड बोल्ट घातले आणि गाडीचा कमरेचा पट्टा त्यांना जोडून सीटभोवती आवळला. मग सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवली. गाडी हलली, सीट हलली नाही. स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीला घेऊन आल्या. दुपारी तीनला दोघी म्हैसूरला निघणार होत्या. मुलीला बसवून पट्टे लावले तर ती अंग चोरून कुरकुरायला लागली. मला कसंसंच झालं. तिच्या अंगावरचे, सीटचे आतले पट्टे चांगले चार बोटं सैल केले. पट्टे आवळायला ओढायचं टोक खाली लोंबायला लागलं, तेही दुमडून गादीला शिवून टाकलं, वर दुहेरी टीप मारली. पोरीचं अंग वाढतं आहे, दोन वर्षं बघायला नको, असं बाईंना ऐटीत सांगितलं. मुलगी हसायला लागली. बाईंनी आभार मानले आणि गाडी घेऊन गेल्या.

दुपारी चिकपेटेत घरी जेवायला गेलो. ताटावर अण्णांना सगळं रंगवून सांगितलं. एकदा तरी शाबासकी द्यावी, एवढीच इच्छा. पट्ट्यांपाशी आलो तसा त्यांचा हात थांबला.

"सैल का ठेवलेस?"

म्हटलं, तुम्हीच ना आयुष्यभर सांगत आलात, पोरांचं शिवताना वाढत्या अंगाचं शिवायचं?

"अरे, सदरा सैल झाला तर पोर गबाळं दिसतं," ते म्हणाले. "हा पट्टा सैल राहिला तर पोर हातात राहील का?"

मी भांडायला तोंड उघडलं, तोच गाडी कुठेतरी करकचून थांबते, सीट जागच्या जागी राहते आणि पोर तेवढं पुढे जातं, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. ताटावरून उठलो आणि खिशातल्या बिलबुकातला नंबर शेजारच्या टेलिफोन बूथवरून लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. सव्वादोन वाजले होते. मी स्कूटर काढली. मागे वळून बघतो तर अण्णा कातर खिशात घालून चप्पल घालत होते.

बिलावरच्या पत्त्यावरून बनशंकरीला त्यांचं घर शोधताना दोन गल्ल्या चुकलो. सगळ्या वाटेत मी अण्णांवर खेकसत होतो, नीट धरा म्हणून. पोचलो तेव्हा गाडी फाटकाबाहेर उभी होती, मुलगी सीटमध्ये होती आणि बाई घराला कुलूप लावत होत्या.

मी म्हणालो, "अक्का, माझं चुकलं. पट्टे सैल राहिलेत."

त्यांना आधी कळलंच नाही. तेवढ्यात मुलीनं आम्हाला बघून एक हात पट्ट्यातून काढला, मग दुसरा काढला, आणि सीटवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. आपल्याला खेळायला कुणी आलं असं तिला वाटलं असावं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

अण्णा गुडघे टेकून गाडीत शिरले. माझी दुहेरी टीप त्यांनी टाका टाका करून उसवली, मुलीला नीट बसवलं आणि टोक ओढून पट्टे आवळले. पट्टा आणि खांदा यांच्यात एक बोट सरकवून बघितलं. मुलीनं भोकाड पसरलं. माझा हात आपोआप पुढे गेला, तसा त्यांनी तो धरला.

"रडू दे," म्हणाले.

ती रडतच गेली.

चार दिवसांनी ती लाल गाडी परत शेडसमोर आली. अण्णा त्या दिवशी माझा डबा घेऊन आले होते. बाई उतरल्या आणि सांगायला लागल्या. म्हैसूरच्या वाटेवर मंड्याच्या अलीकडे उसाची बैलगाडी आडवी आली होती. गाडी कशीबशी थांबली, पुढचा दिवा फुटला. बोलता बोलता त्यांनी मुलीच्या फ्रॉकचा गळा बाजूला केला. कोवळ्या खांद्यावर पट्ट्याचा लालसर वळ उठला होता.

"एवढंच लागलं," त्या म्हणाल्या.

आभार त्या माझेही मानत होत्या. मला ते ऐकवेना. अण्णा त्या वळाकडे बघत होते. दिवाळी सोडली तर मी वर्षानुवर्षं त्यांच्या पाया पडलो नव्हतो. त्या दिवशी भर रस्त्यावर, गिऱ्हाइकासमोर वाकलो आणि बराच वेळ तसाच राहिलो.