भोंगा झाला की

साऱ्या वऱ्हाडात आमच्या साडूंइतक्या थाटात तंबाखू कोणी सोडली नसेल. अकोटच्या शाळेतले मास्तर ते; पाडव्याला सोडत, दसऱ्याला सोडत, आणि मधल्या काळात कोणी पाहुणा आला की त्याच्या मानासाठी सोडत. सोडताना तंबाखूची चंची साऱ्यांदेखत माझ्या हाती देत आणि चहा व्हायच्या आत मागे लागत, "भाऊ, खात नाही हो, नुसती हुंगू द्या." एसटी नवी होती तेव्हाची गोष्ट. अकोल्याला जाताना यांनी चंची खिडकीतून फेकली आणि पुढच्याच गावी कंडक्टरच्या हातापाया पडून गाडी थांबवली. साडू उन्हात मागे चालत गेले. मी त्यांची पिशवी सांभाळत बाभळीखाली बसलो. त्या दिवशी नातंच तोडावंसं वाटलं होतं.

त्यात जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भोंग्याचं खूळ. भोंगा वाजला की हात खिशात गेलाच. धाकट्या मेव्हणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत भोंगा झाला. अंतरपाट धरलेल्या साडूंनी टोक सोडून चंची काढली, आणि नवरा-नवरीनं वेळेआधीच एकमेकांना पाहून घेतलं!

मग गालात पांढरा चट्टा उठला. "तंबाखू सुटली नाही, तर पुढं माझ्या हातात काही नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बायकोनं रडून घर डोक्यावर घेतलं. आठवडा गेला नाही तोच चंची परत खिशात! मी अकोटला जाऊन त्यांच्या म्हाताऱ्या आईसमोरच त्यांना वाट्टेल ते बोललो. ते अंगणात निघून गेले.

"त्याले नको बोलू बापू," म्हातारी म्हणाली. "याचा बाप मेला तवा हा पाळण्यात होता. मी जिनात जाओ. भोंगा झाला का याले अफू चाटवाची अन् दार लावून निंगाचं. साऱ्याच बाया चाटवत. पयले लय रडे. मंग मोठा झाला, त भोंगा आयकला का सोताच तोंड उघडून बसे."

माझा राग कुठल्या कुठं गेला. दुपारी भोंगा झाला. साडूंचा हात खिशाकडे निघाला, तो मी धरला. चाळिशी उलटलेला तो मास्तर दाराकडं बघत होता. "मी इथंच आहे," मी म्हणालो. भोंगा थांबेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मग त्यांनी चिमूट घेतलीच. पण जरा उशिरा घेतली.

आता इकडे अमरावतीत भोंगा झाला की माझं कामात लक्ष लागत नाही. वाटतं, अकोटला या वेळी त्यांच्याजवळ कोणी बसलं असेल का?