वरच्या खोलीतला वास

चहा ओतून घ्या आधी. हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा शहाणा म्हणणार नाही, एवढं सांगून ठेवतो. असा तोंडावर आपटलोय ना!

गंगापूर रोडला आमचं घर. वरची खोली स्नेहलला भाड्यानं दिलेली. पोरगी वणीकडची, शेतकी कॉलेजात शिकते, बोलायला गोड. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. दूधवाला हसला तरी मी दूध तपासतो. मग गोड बोलणाऱ्या भाडेकरूवर विश्वास ठेवीन होय? खोली देतानाच बजावलं होतं, अंडं-मटण-मासळी आणलीस तर त्याच दिवशी खोली सोडायची.

आणि एका दुपारी जिन्यात वास आला. मी जागीच थबकलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. वर मायक्रोवेव्हची घरघर, दार आतून बंद, खिडकीला पडदा. पोरगी कागदात गुंडाळून काहीतरी आणायची आणि मी दिसलो की पिशवी पाठीमागे. आता सांगा, देवाचा प्रसाद कोणी असा लपवतं का? मी तिचा कचऱ्याचा डबासुद्धा उपसून पाहिला. काटा नाही, खवला नाही. म्हणजे किती तयारीची असेल बघा!

शेवटी बायकोला म्हटलं, चल, रंगेहाथ पकडतो. ही नको नको म्हणत होती, पोर चांगली आहे म्हणत होती. पण वास तिलाही आला होता. वर गेलो, दार ठोठावलं, स्नेहलनं उघडताच थेट मायक्रोवेव्ह गाठला आणि त्याचं दार ओढलं. भपकन वास!

ही पदर नाकाला लावून म्हणाली, "काहीतरी कुजलंय."

"कुजलं काय? सुका बोंबील आहे हा. तव्यावर मंद भाजला तर असा वास येत नाही, हिनं घाईत करपवलाय. वर लसूण तरी ठेचून घालायचा." मग स्नेहलकडे वळलो. "आजच्या आज खोली रिकामी कर."

ती रडायलाच लागली. "काका, बोंबील नाय हो. मधमाश्यांचं पोळं हाय."

मग सगळं कळलं. तिच्या वडिलांच्या मधमाश्यांना रोग लागलेला. पिल्लं पोळ्यातच सडत होती. रोगाचे बीजाणू इतके चिवट की उकळूनही मरेनात, म्हणून माश्यांच्या पेट्याच जाळा, असं वडिलांना कोणीतरी सांगितलेलं. माश्या फुलांवर बसून कांद्याचं बी चांगलं धरावं म्हणून शेतकरी त्या पेट्या भाड्यानं नेतात, त्यावर त्यांचं घर चालतं. मायक्रोवेव्हमध्ये बीजाणू मरतात का, हे ही पोर पोळ्याचा तुकडा तुकडा ठेवून बघत होती. आणि मी हाकलून देईन या भीतीनं पिशवी लपवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोळे पुसत ती म्हणाली, "पण काका, तुमचं बरोबर हाय. या रोगाला मासळीचाच वास येतो, असं पुस्तकात लिहिलंय. मला कळायचंच नाय. आमच्या घरात कोणी खात नाय ना. तुम्ही कसं पटकन ओळखलं?"

मी बायकोकडे पाहिलं नाही. लग्न झाल्यापासून या बाईला सांगत आलोय, की मी जन्मात मासळीला शिवलेलो नाही.

तिनं नाकावरचा पदर हळूच खाली घेतला.

"तू राहा गं पोरी इथंच," ती म्हणाली. "खोली यांना शोधायची आहे."