सासऱ्यांचं नाव आणि सुनेची शिट्टी

आमच्या ह्यांचं नाव कालीस. लिहायचं आहे म्हणून जमतंय. तोंडाने म्हणाल तर अडतीस वर्षांच्या संसारात मी ते एकदाही घेतलेलं नाही. आमच्याकडे बायकोने नवऱ्याचं आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. नावाला काही अर्थ असला तर तो शब्दही टाळायचा. शेजारच्या सायराच्या सासऱ्यांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. ती बिचारी आजही लोखंडाला 'ते जड' म्हणते.

आमच्या घरचं दुखणं त्याहून अवघड. कालीस म्हणजे पंच. हे जन्मले त्या दिवशी ह्यांचे आजोबा दोन भावांचा कुरणाचा तंटा मिटवून घरी आले होते. त्याच खुशीत नातवाचं हे नाव ठेवून मोकळे झाले. पुढे हे गावच्या शाळेत व्यायामाचे मास्तर झाले आणि चौतीस वर्षं फुटबॉलचे पंच. मैदानावर बावीस जणांना गप्प करतील, पण घरात मी आणि थोरली सून शब्दाला शब्द वाढवायला लागलो की हे सरळ गोठ्यात.

दरवर्षी गवत कापून झालं की आमच्या गावात जुन्या विद्यार्थ्यांचे सामने असतात. अमुक साली शाळा सोडलेले एका बाजूला, तमुक साली सोडलेले दुसऱ्या. बक्षीस एक मेंढा. पोटं सुटलेले बाप्ये त्या मेंढ्यासाठी जीव तोडून धावतात आणि दुसऱ्या दिवशी बायकांकडून कंबर चोळून घेतात. एकदा ह्यांनी सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध पेनल्टी दिली. भावजी हिवाळाभर आमच्याकडे चहाला फिरकले नाहीत. वसंतात अर्धं मेंढरू घेऊन आले आणि जेवता जेवता म्हणाले, "हाताला लागला होता रे चेंडू."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "मी तिथेच उभा होतो."

गेल्या वर्षी ह्यांचा गुडघा गेला. शाळेत ह्यांच्या जागी आमची धाकटी सून बेगिमाय लागली होती. लग्नाआधी नारिन शहरातल्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळलेली. हे म्हणाले, आता शिट्टीही तीच घेईल. माझं डोकंच फिरलं.

"सुनेने गावच्या बाप्यांवर शिट्टी फुंकायची? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. ऑफसाइड तिला माझ्यापेक्षा बरं दिसतं."

तालुक्याला नव्या पंचांचं तीन दिवसांचं शिक्षण होतं. तिथे प्रत्येकाने उभं राहून 'मी कालीस होणार' असं म्हणायचं होतं. आमची सून उभी राहिली आणि म्हणाली, "मी शिट्टीवाली होणार." शिकवणाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे वाहतूक पोलीस?" बेगिमायने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ह्यांना हसून हसून ठसका लागला. मीही हसले, पण मनातून मला बरं वाटलं. पोरीने रीत सोडली नव्हती.

सामन्याच्या आदल्या दिवशी अंगणात गवताच्या पेंढ्या रचताना ह्यांनी तिला शिकवायला घेतलं. मी ताक घुसळत ऐकत होते.

"आधी सगळ्या म्हाताऱ्यांना वाकून सलाम कर. एकालाही चुकवू नकोस, नाहीतर हिला शिंगं फुटली म्हणतील. पण नाणं उडवलं की संपलं. रेषेच्या आत कुणी थोरला नाही."

"तुम्हीसुद्धा नाही, अताके?" बेगिमाय ह्यांना लाडाने बाबा म्हणते, ते असं.

"मीसुद्धा नाही. शिट्टी एकदाच आणि जोरात. पिपाणी वाजवू नकोस. कुणी अंगावर धावून आला तर मागे सरायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही, चेंडू जिथे ठेवायचा तिथे बोट दाखवायचं. आणि चूक झालीच तर ती एकच राहू दे. भरपाई करायला गेलीस की दोन होतात."

"आणि कुणी वाईट बोललं तर?"

"अंगाला लावून घ्यायचं नाही. मला चौतीस वर्षांत काय काय म्हणालेत! एकाने तर मला बोकड म्हटलं होतं."

"ते मीच म्हटलं होतं," मी म्हटलं. "मैदानाचा काय संबंध?"

हे माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "शेवटी अहवाल. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. कुणाला कार्ड दिलं, कोण आत घुसलं, पूर्ण नावानिशी. नाव गाळलं तर निकाल रद्द. नियम माझाच आहे."

दुसऱ्या दिवशी सारं गाव मैदानावर. अठ्ठ्याण्णव सालचे विरुद्ध दोन हजार चार सालचे. बेगिमायने डोक्याला रुमाल घट्ट बांधला, म्हाताऱ्यांना सलाम केले आणि शिट्टी फुंकली. आम्ही दोघं दोरीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. पहिला अर्धा तास हे पुटपुटत होते, "बरोबर... बरोबर... हे जरा उशिरा... बरोबर."

सामना एक-एक असताना अठ्ठ्याण्णववाल्यांच्या उलारबेकने गोलसमोर चार सालच्या पोराचा पाय ओढला. उलारबेक टॅक्सी चालवतो आणि रस्ता आपल्या बापाचाच समजतो. बेगिमायने पेनल्टी दिली. तो अंगावर धावून आला. ही हलली नाही, बोट चेंडूच्या जागेवर.

"वहिनी," तो साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "घरी जा आणि सासऱ्यांना विचारून ये! भाकऱ्या जळतील तुझ्या!"

तिने शांतपणे त्याला पिवळं कार्ड दाखवलं. तेवढ्यावर मिटलं असतं. पण बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी! आमचे हे काठी उगारून, लंगडत, दोरीखालून थेट मैदानात. "गाढवा, तुला आठवीत मी पास केला रे! माझ्या सुनेला बोलतोस?"

शिट्टी वाजली. एकदाच आणि जोरात.

बेगिमायचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. तिने ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हात लांब केला आणि दोरीच्याही पलीकडे, कुंपणाच्या बाहेर बोट दाखवलं. हे थबकले. काठी खाली आली. टोपी सरळ केली आणि कुंपणापलीकडे जाऊन उभे राहिले. पेनल्टीचा गोल झाला. चार सालवाले दोन-एकने जिंकले.

मग मेंढ्यापाशी सगळे जमले आणि बेगिमाय अहवाल वाचायला लागली. गोल वाचले. उलारबेकचं कार्ड वाचलं. "बासष्टाव्या मिनिटाला एक प्रेक्षक मैदानात घुसला. त्याला बाहेर काढण्यात आलं. त्या प्रेक्षकाचं नाव..."

आणि थांबली. लिहिताना लिहून गेली होती. वाचायचं मात्र तोंडाने होतं.

"सासरे म्हण की, चालेल!" कुणीतरी म्हणालं.

"कसं चालेल?" उलारबेक पुढे आला. "पूर्ण नाव पाहिजे. मास्तरांचाच नियम. नाव नाही तर निकाल नाही, मेंढाही नाही!"

बेगिमायने मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. रीत मीच तिला शिकवली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात चुकून तिच्या तोंडून तो शब्द गेला, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आज सारं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मला रागही आला, ह्यांचा, नियमाचा, त्या टॅक्सीवाल्याचा. पण पोर एकटी उभी होती, आणि चूक आमच्या म्हाताऱ्याची होती, तिची नव्हती.

"वाच गं," मी ओरडले. "मी सांगतेय ना! मोठ्याने वाच!"

तिने श्वास घेतला. "सादिरबायेव कालीस."

"हजर!" कुंपणापलीकडून आवाज आला, शाळेत पोरं देतात तसा. सारं मैदान हसलं.

बेगिमाय हसली नाही. नियमाप्रमाणे तिने विचारलं, "निर्णयावर काही हरकत?"

ह्यांनी टोपी काढली, छातीवर हात ठेवला. "हरकत नाही," हे म्हणाले. "कालीस बरोबर आहे."

हे स्वतःबद्दल बोलत नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळलं. मला रडू आलं, आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.