हिमनदीची ओटी

कॅनडा म्हटलं की मला आठवतात वळणावळणाला अंगावर येणारे डोंगर, मोरचूद कालवल्यासारखी निळी तळी, आणि गाडीत मागे बसून "अगबाई, हे खरंच असं असतं होय!" म्हणणारी माझी आई. आता तिला साताऱ्याच्या घराचा जिनाही चढवत नाही. त्या ट्रिपचा विषय निघाला की फोनवर आम्ही दोघी अजून तासभर बोलतो.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. जन्मभर फळ्यावर खडूने हिमनदी काढली, पाहिली मात्र एकही नाही. "तुझ्याकडे बॉथेलला आलो की मला बॉर्डरपलीकडे कॅनडात घेऊन चल," म्हणायचे. ते गेले आणि पुढच्या वर्षी आई एकटीच आली. म्हणाली, "त्यांची राहिली, ती मी बघते."

चैत्रात मी घरी हळदीकुंकू केलं. मैत्रिणी "मावशी, बसा ना" म्हणून मागे लागल्या, तर ही आपली किचनमध्ये पन्हं गाळत राहिली. सगळ्यांना आंब्याची डाळ वाढली, पण कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही. असा राग आला मला! पण बोलून काय उपयोग? आमच्या आईचं ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

ऑगस्टमध्ये निघालो. तिच्या पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. नदीच्या उगमाशी जायचं तर ओटी नको? बॉर्डरवरच्या ऑफिसरने नारळ उलटसुलट करून पाहिला आणि हा कशाला, म्हणून विचारलं. "नदीला द्यायला," मी सांगितलं. त्याने हसून जाऊ दिलं.

बर्फ वितळून बराच मागे सरकला होता, त्यामुळे पार्किंगपासून चढ चांगलाच होता. आई गुडघे धरत, खडकांवर टेकत चढली. समोर ती मळकट पांढरी, अवाढव्य हिमनदी दिसली आणि तिला रडूच कोसळलं. "अहो, बघा तरी," एवढंच म्हणाली.

मग पिशवी माझ्या हातात दिली. "तू भर ओटी. मला आता चालत नाही."

"कोणाला चालत नाही? नदीला?" मी भडकलेच. "बाबांनी जन्मभर शिकवली ती ही! तू नाही भरायची तर कोणी? मी हात लावणार नाही, जा. नारळ परत नेऊ."

आजूबाजूचे टुरिस्ट बघायला लागले. आईने माझ्या हातातून पिशवी परत घेतली. मग जॅकेटच्या बाह्या सारून बर्फाखालून निघालेल्या ओढ्याकाठी बसली. दगडाला हळद लावली, कुंकू लावलं. तिथे काही टाकायला बंदी, म्हणून खणानारळाची ओटी नुसती पाण्याला टेकवून पिशवीत ठेवली.

तिच्या बोटाचं कुंकू पुसायला मी टिश्यू पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली, आणि तो हात तसाच घेऊन खाली उतरली.